दुसरा बातमीदार

समोरचा माणूस बोलायला लागला की रामटेके सर डोळे मिटून घ्यायचे. नव्यानं भेटणाऱ्याला वाटायचं, यांना झोप आली, नाहीतर आपलं बोलणं नकोसं झालं. पहिल्या भेटीत मलाही तसंच वाटलं होतं. ऐंशी सालानंतरची ती वर्षं. अमेरिकेतल्या पार्सिपनी गावातल्या एका चर्चचं तळघर भाड्यानं घेऊन आम्ही मराठी मंडळी दिवाळीचं जेवण करत होतो. एक गृहस्थ नव्या गाडीचं कौतुक सांगत होते, किती माइल्स देते, सीट्स कशा आहेत. समोर सर उभे, हातात कागदी प्लेट, डोळे मिटलेले.

"काय हो, झोप आली का?" गृहस्थांनी विचारलं.

"नाही बाप्पा, ऐकून राहिलो," सर डोळे उघडून म्हणाले. "तुम्ही मिरजेकडचे. लहानपणी अडखळत बोलायचे, मंग मेहनतीनं सुधारले. आणि ही गाडी तुमच्या मनात नव्हती, वहिनींनी पसंत केली."

आधी त्यांची बायकोच हसली. तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या. गृहस्थ थोडे ओशाळले आणि ते झाकायला म्हणाले, "तुम्ही कुठले? रामटेके म्हणजे...?"

"कामठीचा. नागपूरच्या बाजूला. पुढचं तुमच्या मनात आलं तेच," असं म्हणून सरांनी शांतपणे प्लेटीत आणखी चिवडा घेतला. आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. पण त्यानंतर त्या कोपऱ्यात कोणी कोणाचं गाव विचारलं नाही.

मी मूळची साताऱ्याची. कोर्टात स्टेनो होते. अनिलशी लग्न झालं आणि त्याच्या मागोमाग इकडे आले. त्याची कॉम्प्युटरमधली नोकरी, माझा डिपेंडंट व्हिसा. नोकरी करायला परवानगी नव्हती, गाडी अजून शिकायची होती. सकाळी अनिल गेला की संध्याकाळपर्यंत अपार्टमेंट, टीव्ही आणि मी. रामटेके पतिपत्नी आमच्या मागच्याच बिल्डिंगमध्ये राहायचे. शीलाताई हॉस्पिटलात नर्स होत्या. व्हिसा त्यांच्या नोकरीमुळे मिळाला होता. सर नागपूरच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायचे, ती नोकरी सोडून बायकोबरोबर आले आणि तासाभराच्या बसप्रवासावर असलेल्या एका विद्यापीठात पीएच.डी.ला लागले.

आमच्यात कोणी पीएच.डी. करतो म्हटलं की लोक "केमिकल की मेकॅनिकल?" एवढंच विचारायचे. सरांचा विषय विचारणारी बहुधा मी पहिलीच. एका प्रसिद्ध इंग्रज कादंबरीकाराची सुरुवातीची वर्षं, व्हिक्टोरिया राणीच्या अमलाच्या तोंडावरची. मी त्याचं नाव विचारलं.

"नाव कायले पाहिजे? नाव साऱ्या जगाला माहीत आहे," सर म्हणाले. "मला तो पाहिजे, ज्याला अजून नाव नव्हतं. पंचविशीनंतरचा तो जगाचा, ताई. त्याआधीचा माझा."

तेव्हापासून आमच्या बोलण्यात त्याचं नाव कधी आलंच नाही. तो 'आपला माणूस' झाला. आपला माणूस आधी वकिलाच्या कचेरीत कारकून होता, मग लघुलेखन शिकला, मग पार्लमेंटात बसून भाषणं टिपू लागला, गावोगावच्या सभांना घोडागाडीतून धावू लागला. मी कोर्टात स्टेनो होते म्हटल्यावर सर खुर्चीतून उठलेच. "काय म्हणता! हे आधी का नाही सांगितलं?" मला कागद-पेन्सिल आणून दिली आणि म्हणाले, "लिहा. मी बोलतो, तुम्ही लिहा." मी त्यांच्या तोंडची चार वाक्यं टिपली. त्या रेघा-ठिपक्यांकडे ते बराच वेळ बघत बसले. शिकलो नाही याची हळहळ त्यांना मनापासून वाटत होती.

या माणसाशी त्यांचं नातं जुळलं कसं, ते त्यांनी एकदा चहा पिताना सांगितलं. लहानपणी त्याचं घर मोडलं आणि बारा वर्षांच्या त्या मुलाला एका कारखान्यात बुटांच्या काळ्या पॉलिशच्या बाटल्यांवर लेबलं चिकटवायला बसवलं. सरही त्याच वयात लेबलं चिकटवायचे, कामठीत, आईशेजारी बसून, बिडीच्या कट्ट्यांवर.

"बी. ए.ला असताना हे वाचलं आणि पुस्तक मिटून बाहेर जाऊन उभा राहिलो. वाटलं, अरे, हा तर आपल्यातला. मंग पुढे वाचलं. त्यानं ही गोष्ट जन्मभर लपवली म्हणतात. पोरांनाही सांगितली नाही." सर हसले. "त्याला लपवता आलं, ताई. मला लपवायची सोयच नव्हती. माझं आडनावच बोलते."

आपल्या माणसाच्या वर्तमानपत्रातल्या बातम्यांखाली सही नसे. तेव्हा कोणाच्याच नसे. सरांचं काम होतं त्या बिनसहीच्या बातम्यांमधून त्याच्या कोणत्या ते ओळखणं. विद्यापीठाच्या ग्रंथालयात लंडनच्या जुन्या वर्तमानपत्रांच्या फिल्म होत्या. सर दिवसभर यंत्रापुढे बसून त्या वाचत, हव्या त्या पानांच्या प्रती काढून आणत. त्यांचं म्हणणं असं होतं की माणूस मोठा लेखक होतो तो एका दिवसात होत नाही, त्याची नजर आधीपासून तयार असते. ती नजर त्या बातम्यांमध्ये सापडते, एवढं त्यांना दाखवायचं होतं.

आणि त्याच वेळी त्यांची स्वतःची नजर जात होती.

कपाटाचं उघडं दार कपाळाला लागायचं. पायरी चुकायची. शेजारी येऊन बसलेलं माणूस दिसायचं नाही. "विचारात होतो," असं सर म्हणायचे आणि आम्ही मान्य करायचो, कारण ते खरंच विचारात असायचे. एकदा जेवताना शीलाताईंनी त्यांच्या ताटाच्या डाव्या बाजूला लोणचं वाढलं आणि ते दोनदा म्हणाले, "लोणचं नाही का आज?" शीलाताई वाढायच्या थांबल्या. दुसऱ्याच दिवशी डॉक्टरकडे घेऊन गेल्या. काचबिंदू निघाला, फार पुढे गेलेला. समोरचं तेवढं धूसर दिसत होतं, कडेचं सगळं गेलं होतं. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, गेलं ते परत येत नाही. उरलंय ते किती टिकेल, सांगता येत नाही.

"मी नर्स," शीलाताई माझ्या स्वयंपाकघरात उभ्या राहून म्हणाल्या. "वॉर्डात पेशंटचा नुसता चेहरा पाहून सांगते, याला ताप येणार. अन् माझ्या घरात माणूस आंधळा होऊन राहिला, मला दिसलं नाही." मी काहीतरी बोलायला गेले तर त्यांनी हातानंच थांबवलं. मग जे मागायला आल्या होत्या ते मागितलं. "यांना वाचून दाखवशील का, सुनंदा? दुपारचं? मला ड्यूटीतून जमत नाही, आणि माझं इंग्रजी ऐकून हे हसतात."

अशा माझ्या दुपारी सुरू झाल्या. सर खिडकीपाशी खुर्चीत, डोळे मिटलेले, मी सोफ्यावर त्या प्रतींचा गठ्ठा घेऊन. छपाई बारीक, अक्षरं पुसट, दीडशे वर्षांपूर्वीचं लांबलचक इंग्रजी. पहिल्या दिवशी मी आगगाडीसारखी सुटले. सरांनी टेबलावर टिचकी मारली. "ताई, स्वल्पविरामाला श्वास घ्या. पूर्णविरामाला मरा. मंग पुन्हा जन्म घ्या." दुसरं त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, "समजून वाचू नका. समजायचं काम माझं. तुम्ही नुसत्या चालत राहा." आणि खरंच, न समजता चालता चालता मला ते इंग्रजी कळू लागलं.

एकेक बातमी संपली की सर निकाल द्यायचे. "आपला." किंवा "नाही बाप्पा, हा कोणी दुसराच." कधी नुसतेच गप्प बसायचे, म्हणजे ती पुन्हा वाचायची. काही बातम्या ऐकताना ते नकळत खुर्चीत पुढे सरकायचे. त्यातली एक मला अजून आठवते. कुठल्याशा लहान गावात सभा भरलेली, कोणी मोठा माणूस भाषण करतोय, त्याचं भाषण सगळं दिलेलं. आणि मध्येच दोन ओळी: चिखल होता म्हणून एका म्हातारीनं आपली टोपली खाली ठेवली नाही, भाषण संपेपर्यंत डोक्यावर धरून उभी राहिली. बस्स. पुन्हा भाषण सुरू.

"आपला!" सर जवळजवळ ओरडले. "मंत्री बोलून राहिला, सारं गाव मंत्र्याकडे पाहून राहिलं, आणि हा पोरगा म्हातारीच्या टोपलीकडे पाहून राहिला. कोणी सांगितलं होतं याला? पेपरवाल्याला टोपलीशी काय घेणं? ताई, इथं कादंबरीकार जन्मला." त्या दिवशी त्यांनी स्वतः चहा केला. कपात ओतताना बोट कपाच्या काठावर ठेवलं होतं, भाजेपर्यंत.

अशा टोपलीच्या जातीच्या बातम्या हळूहळू जमत गेल्या. त्यांच्यावरच प्रबंधाचा मुख्य भाग उभा राहिला. सर सांगायचे, मी लिहून घ्यायची, मग टाइप करायची. नोकरीच्या परवानगीवाचून मला इतकं काम मिळालं होतं की अनिल चेष्टेनं म्हणायचा, "इमिग्रेशनवाले पकडतील हं तुला."

सरांच्या मार्गदर्शक एक वयस्कर अमेरिकन प्राध्यापकबाई होत्या, निवृत्तीला आलेल्या. त्यांचा सरांवर जीव होता. बस चढणं अवघड झाल्यावर मी सरांना विद्यापीठात घेऊन जाऊ लागले. तोवर मी गाडी शिकले होते. बाईंच्या खोलीत मीही बसायची. एकदा त्या म्हणाल्या, "तुमच्या कानावर माझा पूर्ण विश्वास आहे. पण तुमचा कान मी कमिटीपुढे ठेवू शकत नाही. आणखी काहीतरी आधार द्या." मग म्हणाल्या, "नाही मिळाला तरी मी भांडेन. शैलीच्या जोरावरही प्रबंध होतो. वसंतापर्यंत सादर करा, मी उन्हाळ्यात जाणार आहे."

संध्याकाळी आमच्याकडे जेवताना सरांचं ताट तसंच पाहून अनिलनं विचारलं, "काय झालं, सर?" सरांनी सांगितलं. अनिल जेवायचा थांबला.

"सर, मोजून बघू या का? कॉम्प्युटरवर. मी कुठंतरी वाचलंय. माणूस मोठे शब्द विचार करून वापरतो, पण छोटे शब्द नकळत वापरतो. आणि, पण, तर, वर, मध्ये. ते शब्द कोण किती वापरतो हे ज्याचं त्याचं असतं, ठशासारखं. त्याचं ज्या लेखांबद्दल शंकाच नाही, तसं सुरुवातीचं लिखाण आहे ना? ते एका बाजूला, या बातम्या दुसऱ्या बाजूला. बॉसला विचारतो, शनिवारी मशीन रिकामंच असतं."

सर लहान मुलासारखे हरखले. "म्हणजे माझा कान तुम्ही कमिटीला कागदावर दाखवाल, अनिलभाऊ?"

त्या हिवाळ्यात कित्येक शनिवार मी अनिलच्या ऑफिसात टर्मिनलपुढे बसून त्या बातम्या टाइप केल्या. बाहेर बर्फ, आत मोठ्या यंत्रांची घरघर आणि थंडगार हवा. सर शेजारी स्वेटरवर कोट घालून बसायचे. काम काहीच नसायचं त्यांना. आपला माणूस यंत्रात जाताना आपण हजर असावं, एवढंच.

निकालाचे लांबलचक छापील कागद अनिलनं घरी आणले तेव्हा तो बराच वेळ बूटही न काढता उभा होता. मला म्हणाला, "सुनंदा, हे पुन्हा एकदा रन करतो. काहीतरी चुकलंय." पुढच्या शनिवारी पुन्हा केलं. पुन्हा तेच आलं.

आम्ही दोघं सरांकडे गेलो. शीलाताई ड्यूटीवर जायच्या तयारीत होत्या, त्याही थांबल्या. अनिलनं सांगायला सुरुवात केली आणि सरांनी डोळे मिटले.

सरांनी 'आपला' म्हटलेल्या बातम्यांचे सरळ दोन ढीग पडत होते. एक ढीग आपल्या माणसाशी चांगला जुळत होता. पण त्यात होत्या त्या साध्या, कोरड्या, कामापुरत्या बातम्या. आणि ज्या ऐकताना सर खुर्चीत पुढे सरकायचे, म्हातारीच्या टोपलीची आणि तिच्या जातीच्या सगळ्या, त्या त्याच्याशी जुळत नव्हत्या. मात्र एकमेकींशी जुळत होत्या. अगदी घट्ट.

"म्हणजे?" शीलाताईंनी विचारलं.

सरच म्हणाले, "म्हणजे त्या एकाच माणसानं लिहिल्या. पण तो आपला माणूस नाही." मग म्हणाले, "आणखी एक होता. त्याच पेपरात. टोपलीकडे पाहणारा तो होता."

मी सरांना अनेकदा दमलेलं पाहिलं होतं, पण असं कधी नाही. ते रडले नाहीत, चिडले नाहीत. हात पुढे करून त्यांनी ते कागद मागितले. वाचता तर येत नव्हतं, तोवर समोरचंही जवळजवळ गेलं होतं. नुसते मांडीवर घेऊन बसले.

पुढचे काही दिवस आम्ही कोणी तो विषय काढला नाही. मग शीलाताईंनीच काढला, माझ्यासमोर, मुद्दाम. प्रबंध टाइप होऊन तयार होता. बाई भांडायला तयार होत्या. कमिटीनं मोजणी मागितलेली नव्हती, ती झाली हेही कोणाला ठाऊक नव्हतं. "आपल्या चौघांशिवाय कोणाला माहीत आहे?" शीलाताई म्हणाल्या. "द्या की तसाच. खोटं थोडंच लिहिलं तुम्ही? तुम्हाला जे वाटलं तेच लिहिलं."

"तेव्हा वाटलं, शीला. आता माहीत झालं."

"कॉम्प्युटर चुकत नाही का?"

"चुकतो. पण माझा कानही आता तेच सांगून राहिला. काल ताईंनी दोन्ही वाचल्या एकामागोमाग. दोन माणसं आहेत. मीच एक करून ऐकत होतो. मला तो एकच पाहिजे होता."

शीलाताईंचा आवाज चढला. "दीडशे वर्षं झाली त्या दुसऱ्याला मरून. ना नाव, ना गाव. त्याला काय फरक पडते? मी जिवंत आहे ना? सहा वर्षं डबल ड्यूट्या करून राहिली मी. माझे पाय पाहिले का तुम्ही?" आणि मग त्यांनी जीभ चावली, कारण पाय पाहणं सरांना आता शक्यच नव्हतं.

चाचपडत सरांनी शीलाताईंचा हात शोधला. त्यांनी तो देऊ केला नाही, पण मागेही घेतला नाही. "काम एकानं करायचं आणि नाव दुसऱ्याचं लागायचं," सर हळू म्हणाले, "हे आपण किती पिढ्या पाहिलं, शीला? आता माझ्याच हातानं लावू?"

शीलाताई पर्स उचलून कामाला गेल्या. अनिलशी त्या बरेच महिने धड बोलल्या नाहीत. अनिलही त्यांच्यासमोर जायला कचरायचा. बिचाऱ्यानं मदत करायला म्हणून शनिवार घातले होते.

मी सरांना विद्यापीठात घेऊन गेले. बाईंच्या समोर बसून त्यांनी सगळं सांगितलं, कागद टेबलावर ठेवले. बाईंनी ते चाळले, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "तुम्ही हे मला सांगायला नको होतं," त्या म्हणाल्या. "आता मलाही माहीत आहे. आता मी सही कशी करू?"

"म्हणूनच सांगितलं," सर म्हणाले.

बाईंनी प्रयत्न केले. विषय बदलून त्या दुसऱ्या बातमीदारावरच प्रबंध होऊ द्यावा, मुदत वाढवून द्यावी, असं कमिटीला विनवलं. कमिटीची माणसं वाईट नव्हती. त्यांचं म्हणणंही वेडगळ नव्हतं. ज्याचं नाव माहीत नाही, जन्म-मृत्यू माहीत नाही, ज्यानं पुढे एक ओळ लिहिली की नाही हेही माहीत नाही, त्याच्यावर प्रबंध कसा लिहायचा? मुदत आधीच एकदा वाढवलेली होती, पुन्हा मिळाली नाही. उन्हाळ्यात बाई निवृत्त होऊन दूर आपल्या मुलीकडे राहायला गेल्या.

त्यानंतरही सर शोधत राहिले. मी वाचायची, ते ऐकायचे, आता फक्त त्या दुसऱ्यासाठी. काही महिन्यांच्या बातम्यांमध्ये तो सापडायचा, आणि मग एकाएकी बंद. पुढे कुठंच नाही. "मेला असेल का?" मी विचारलं. "मेला असेल. नाहीतर नोकरी गेली असेल. नाहीतर कोणी सांगितलं असेल, तुझ्या टोपल्या-फोपल्या नको, मंत्री काय बोलला तेवढं लिही," सर म्हणाले. "आणि शेजारीच बसून आपला माणूस हे सारं पाहत असेल. त्याच्याकडूनच शिकला असेल, कोणास ठाऊक. हे कोणाला विचारावं, ताई? विचारायलाच कोणी नाही."

मग मला मुलगी झाली आणि माझ्या दुपारी माझ्या राहिल्या नाहीत. आठवड्यातून एकदा जमायचं, कधी तेही नाही. सरांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, उपयोग झाला नाही. डाव्या डोळ्यात उजेड तेवढा कळायचा. एके सकाळी त्यांनी चहाला स्टोव्ह लावला, भांडं बाजूच्या बर्नरवर ठेवलं आणि पेटत्या बर्नरवर टॉवेल पडला. अलार्म वाजला, शेजारची बाई धावली म्हणून निभावलं. मॅनेजर येऊन शीलाताईंशी फार सभ्यपणे बोलून गेला. सभ्यपणे, पण अर्थ एकच होता: यांना एकटं ठेवता येणार नाही.

शीलाताईंना नोकरी सोडता येत नव्हती. सोडली तर व्हिसा, इन्शुरन्स, सगळंच जाणार. दिवसभर माणूस ठेवणं परवडत नव्हतं. आम्ही चौघांनी बसून सगळे मार्ग तपासले आणि एकेक बंद केला. शेवटी एकच उरला. सरांनी कामठीला धाकट्या भावाकडे, विनोदकडे, जायचं आणि शीलाताईंनी काही वर्षं इथंच राहायचं.

विमानतळावर व्हीलचेअर आली तेव्हा सर म्हणाले, "पायाला काय झालं माझ्या?" पण बसले. शीलाताई ड्यूटीवरून तशाच आल्या होत्या. औषधाच्या दोन बाटल्या त्यांनी सरांच्या हातात पुन्हा पुन्हा दिल्या. एकीला रबर गुंडाळलेलं होतं. "रबरवाली दोनदा, साधी रात्री. सांगा बरं." सरांनी शहाण्या मुलासारखं म्हणून दाखवलं. मग म्हणाले, "लवकर ये."

"येते. ग्रीन कार्ड झालं की येते."

"मी थांबतो," सर म्हणाले. अनिलला जवळ बोलावून त्यांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला. "अनिलभाऊ, मनाला लावून घेऊ नका. तुम्ही मोजलं नसतं तर मी जन्मभर एका माणसावर अन्याय केला असता, आणि तोही प्रेमानं." अनिल तोंड फिरवून उभा राहिला. खुर्ची ढकलणारा माणूस घड्याळ बघत होता.

विनोदकडून बातम्या यायच्या. सर संध्याकाळी विहाराच्या ओट्यावर बसतात, मुलांना इंग्रजी शिकवतात, मुलं मोठ्यानं वाचतात आणि हे टिचकी मारतात. शीलाताई ते मला सांगताना हसायच्या. अनिलशीही बोलू लागल्या होत्या. ग्रीन कार्ड पुढच्या वर्षी होईल, असं त्या तीन वर्षं म्हणत होत्या.

सर थांबले नाहीत. कावीळ झाली, अंगावर काढली, आणि आठवड्यात खेळ आटोपला. शीलाताईंना फोन आला तेव्हा सगळं उरकलं होतं. निघून पोचेपर्यंत काहीच हाती लागणार नव्हतं. मी सकाळी त्यांच्याकडे गेले. त्या खुर्चीत बसल्या होत्या, अंगावर ड्यूटीचेच कपडे. रडून झालं होतं की रडायचं होतं, कळत नव्हतं.

तेवढ्यात पुन्हा विनोदचा फोन आला. तिकडे संध्याकाळ होती. शोकसभा ठरली होती आणि पेपरात निवेदन द्यायचं होतं. लाइनमध्ये खरखर होती, त्यामुळे तो ओरडून वाचत होता आणि मला खोलीच्या या टोकापर्यंत ऐकू येत होतं. "डॉ. प्रभाकर रामटेके, अमेरिकेतून पीएच.डी. प्राप्त..."

"थांब," शीलाताई म्हणाल्या. "ते डॉक्टर काढ."

"काय?"

"डॉ. काढ. पीएच.डी. पण काढ. नुसतं नाव ठेव."

"वहिनी, इथं सारी वस्ती दादाला डॉक्टरसाहेबच म्हणते. पोरं म्हणतात. आता काढलं तर लोक काय म्हणतील? इतकी वर्षं अमेरिकेत राहून..."

"म्हणू दे. छापू नको." शीलाताई उभ्या राहिल्या. "लोकांनी विचारलं तर सांग, मिळत होती, त्यांनी घेतली नाही. काहून, ते मला फोनवर सांगता येत नाही. पण त्यांनी घेतली नाही, विनोद. आता ते नाही म्हणायला नाहीत, तर तुम्ही देऊ नका. वाच पुन्हा."

विनोदनं पुन्हा वाचलं, नुसतं नाव. शीलाताईंनी ते शेवटपर्यंत ऐकलं, "जयभीम" म्हणाल्या आणि फोन ठेवला. रिसीव्हरवरचा हात त्यांनी उचलला नाही. मी जवळ गेले, खांद्यावर हात ठेवला.

"मला हवी होती गं ती," शीलाताई भिंतीकडे बघत म्हणाल्या. "मला फार हवी होती."